आंब्याखालचा काटा आणि अडतीस हजार

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे आणि रद्दीवाल्याचा तर मुळीच नव्हे. मी बाळांचा काटा आहे. वर एक कडी, खाली एक कडी, मधे ताटलीएवढा गोल चेहरा, त्यावर शून्यापासून पंचवीस किलोपर्यंतच्या रेघा आणि एक लाल सुई. पोटात स्प्रिंग. एवढाच माझा संसार. पण मला माझ्या सुईचा फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते त्या अभिमानावरच बेतलं.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे एका कडक स्वभावाच्या माणसाने मला ओळीने वजनं लटकवून तपासलं. सुई केसभर जरी चुकली असती, तरी त्याने मला भंगारात फेकलं असतं. मी चुकलो नाही. मग पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात घालून, जहाजाने नि ट्रकने मला मलावीत आणलं. एका लहानशा दवाखान्यासमोर आंब्याचं झाड होतं. त्याच्या आडव्या फांदीला मला टांगलं आणि मी कामाला लागलो.

आमच्याकडे वजनाच्या दिवशी जत्रा भरते. पाठीवर कापडाने पोरं बांधून बाया लांबलांबून येतात, गाणी म्हणतात, एकमेकींची उणीदुणी काढतात. प्रत्येकीकडे कापडी चड्डी असते. बाळाला तीत घालायचं, चड्डीचे बंद माझ्या कडीत अडकवायचे आणि सोडून द्यायचं. मग बाळ भोकाड पसरतं. कित्येकांनी माझ्या खाली उभ्या असलेल्या ग्रासियानोला भिजवलं आहे. वजनं करणं हे ग्रासियानोचं काम. तो डॉक्टर नव्हता, पण बाया त्याला डॉक्टरच म्हणायच्या आणि तोही नाही म्हणत नसे. रोज सकाळी तो रिकामी चड्डी अडकवून माझी सुई शून्यावर आणायचा आणि म्हणायचा, "चला बुवा, खरं बोलायचं."

मी खरंच बोलायचो. सुई मागच्या खेपेपेक्षा वर गेली, की बाया जीभ हलवून असा काही जल्लोष करायच्या की फांदीवरचे कावळे उडायचे. सुई खाली आली, की सगळ्या गप्प. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. वर गेलं ते चांगलं, खाली आलं ते वाईट.

ही गोष्ट एकट्या माझ्याच डोक्यात बसली नव्हती. आंब्याखाली आणखी एक गट जमायचा. त्यांची म्होरकी होती एनेलेसी. सगळे तिला अगोगो म्हणायचे, म्हणजे आजी. ती आणि तिच्या मैत्रिणी एचआयव्ही घेऊन जगत होत्या. गोळ्या आल्या नव्हत्या तेव्हाच्या दिवसांबद्दल मी फार बोलणार नाही. त्या काळी माझ्या कडीला लटकलेली किती बाळं पुढच्या खेपेला आलीच नाहीत. मग गोळ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर एक रक्ततपासणी आली. तिचं नाव सीडी-फोर. रोगाशी लढणाऱ्या पेशी अंगात किती उरल्या आहेत, ते ती सांगायची. तिथेही आकडा जितका मोठा तितकं बरं.

गटाने एक रीत पाडली होती. कुणाचा आकडा चढला, की कोंबडा कापायचा, मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा शिजवायची आणि त्या बाईच्या कमरेला नवं कापड बांधायचं. अगोगोचा आकडा एकदा आठशेवर गेला होता. ते कापड ती अजून सणाला नेसायची. त्या काळचा आणखी एक नियम होता. ज्यांचा आकडा मोठा, त्यांना सिस्टर सांगायची, "तुला अजून गोळ्यांची गरज नाही. घरी जा. आकडा उतरला की ये." तेव्हाची समजूतच तशी होती.

मग काळ बदलला. ती सीडी-फोरची तपासणी मागे पडली. आता सगळ्यांनाच गोळ्या, आकडा काही असो. आणि तपासणी नवी आली. तिला म्हणतात व्हायरल लोड. तीत लढणाऱ्या पेशी मोजत नाहीत, रक्तातले विषाणूच मोजतात. आमची सिस्टर न्याम्बालो आंब्याखाली उभी राहून हे समजावून सांगायची. मला पहिल्यांदा पटेना. आकडा खाली आलेला चांगला? पण ऐकून ऐकून माझ्या टाळक्यात शिरलं.

अगोगोच्या मात्र शिरलं नाही. सिस्टर बोलायला लागली, की अगोगो मागे चुलीपाशी रश्शाची चव बघत असायची. आणि तिचं स्वतःचं रक्त तपासून आलं, की दरवेळी उत्तर एकच. विषाणू सापडले नाहीत, सगळं ठीक आहे, पुढची गोळ्यांची डबी घे. अगोगो रुसायची.

"मला आता आकडाच देत नाहीत," ती मैत्रिणींना म्हणायची. "म्हातारी झाले ना. म्हाताऱ्या कोंबडीची अंडी कोण मोजतंय?"

बाया हसायच्या. मीही तेव्हा ते हसण्यावारीच नेलं.

अगोगोची धाकटी लेक लिनेस. ती नवऱ्याबरोबर सरोवराकाठी राहायला गेली होती. नवरा उसिपा नावाची बारकी मासळी सुकवून विकायचा. लिनेसलाही एचआयव्ही होता. गरोदरपणात आईच्या डोळ्यांसमोर तिने गोळ्या अगदी नेमाने घेतल्या, आणि तामांदा झाली ती ठणठणीत. तामांदाचं पहिलं वजन मीच केलं होतं. मग लिनेस बाळाला घेऊन सरोवराकाठी परत गेली, आणि पावसाळा संपल्यावर मक्याचं पीठ न्यायला म्हणून माहेरी आली. बरोबर नणंद होती, फालेस. लिनेसच्या दुखण्याचं नवऱ्याला ठाऊक होतं, नणंदेला नव्हतं. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी वजनाचा दिवस होता. फालेस रस्त्यावर मातोलात पोती चढवत होती. मातोला म्हणजे माणसं, पोती नि बकऱ्या एकत्र कोंबून नेणारा टेम्पो. तो भरला की दोघी निघणार होत्या. रांग अजून लागली नव्हती. लिनेस बाळाला पाजत माझ्या अगदी खाली बसली होती आणि अगोगो तिच्या शेजारी.

"आई, तिकडच्या दवाखान्यात माझं रक्त घेतलं होतं," लिनेस हळूच म्हणाली. "आकडा आला."

अगोगोने मान वळवली. "तुला आकडा दिला? किती?"

"अडतीस हजार."

"अडतीसशे असेल. नीट आठव."

"हजार, आई. खिडकीतल्या माणसाने दोनदा सांगितलं. सिस्टरला भेटून जा म्हणाला, पण रांग ही अशी लांब, आणि ही रडत होती. मी निघून आले."

माझी स्प्रिंग आकसली. अडतीस हजार. आणि लेकरू आईच्या छातीशी, डोळे मिटून, चुटूचुटू दूध पीत होतं.

अगोगोच्या चेहऱ्यावर मात्र ऊन पडलं. "अगं बया. मला आठशे पडले तेव्हा अख्खा गट संध्याकाळपर्यंत नाचला होता. तू तर आईला मागे टाकलंस."

"पण मी गोळ्या कुठे नीट घेत होते?" लिनेस म्हणाली. "खोली एकच. फालेस तिथेच. डबी उघडावी तर खुळखुळा वाजतो. कधी घेतली, कधी राहिली. महिनाभर तर जवळजवळ नाहीच."

"बघ. न घेता एवढा," अगोगो म्हणाली. "आमच्या वेळी पाचशेच्या वर असली की सिस्टर घरी पाठवायची. अडतीस हजारवालीला गोळ्या कशाला लागतात? डबी माझ्यापाशी ठेवून जा. उगीच लपवालपवी करत जीव मेटाकुटीला आणू नकोस. आकडा उतरला की ये नि घेऊन जा."

"खरंच, आई?" लिनेसने विचारलं. मित्रांनो, तिच्या आवाजात काय सुटका होती. तिला हेच कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिने कापडाच्या गाठीतून डबी काढली आणि आईच्या हातात दिली. मी वरून बघत होतो. मला तोंड नाही, हात नाही. वाऱ्याने जरा डोललो, एवढंच. जन्मात पहिल्यांदा मला माझी चीड आली.

अगोगोने उठून गटातल्या बायांना डोळ्याने खूण केली. पिशवीतून नवं कोरं कापड निघालं, पिवळ्या जमिनीवर निळे पक्षी. ते लिनेसच्या कमरेला बांधलं गेलं. गटाला खूण पुरली. जल्लोष झाला. बाकीच्या बायांना वाटलं, पीक चांगलं आलं म्हणून असेल. कुणीतरी कोंबडाही पकडून आणला.

तेवढ्यात ग्रासियानो आला. त्याने मला शून्यावर आणलं आणि आज टेम्पो गाठायचा म्हणून लिनेसचा नंबर पहिला लावला. तामांदाला चड्डीत घालून माझ्या कडीला अडकवलं. मी माझं काम केलं. सुई बाळाच्या कार्डावर सरोवराकाठी लिहिलेल्या मागच्या वजनापेक्षा खाली थांबली.

ग्रासियानोच्या कपाळावर आठी पडली. अगोगो त्याच्या कानाशी लागली. "नातीचं वजन उतरलं तर उतरू दे, डॉक्टर. आईने भरून काढलंय. अडतीस हजार आलाय तिचा. मी तिला सांगितलं, गोळ्या ठेव बाजूला आता."

ग्रासियानोचा हात बाळाच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. त्याने लिनेसकडे पाहिलं, तिच्या कमरेच्या कापडाकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं आहे, हे मला कळलं. पण तो बोलणार कसा? भोवती बाया दाटीने उभ्या होत्या, आणि फालेस टेम्पो सोडून तिथे येऊन ठेपली होती.

"चल गं वहिनी," ती म्हणाली. "तो ड्रायव्हर शिव्या घालतोय. टेम्पो काय माझ्या बापाचा आहे का म्हणतोय."

"लिनेस, जरा सिस्टरला भेटून जा," ग्रासियानो शक्य तितक्या सहज म्हणाला.

"का? तिला काय झालंय?" फालेसने लगेच विचारलं.

"काही नाही. असंच."

"असंच कुणी टेम्पो सोडतं का, डॉक्टर? आज गेला की हा उद्याच. बाळ काढा नि द्या इकडे."

लिनेस बाळ काढायला पुढे झाली. रस्त्यावर हॉर्न वाजला. ग्रासियानोच्या मानेवर घाम आला होता. तो खरं बोलला असता, तर लिनेसचं गुपित चव्हाट्यावर आलं असतं, आणि मग तिने सासरी तोंड कसं दाखवलं असतं? तो गप्प राहिला असता, तर ती गोळ्या इथे टाकून गेली असती आणि लेकराला ते दूध पाजत राहिली असती. त्याने वर माझ्याकडे पाहिलं. मग बोटाने माझ्या चेहऱ्यावर टकटक केलं आणि मोठ्याने म्हणाला, "हा काटा बिघडलाय. खोटं दाखवतोय."

मित्रांनो, मी? मी खोटं दाखवतोय?

"पोरीचं वजन इतकं कमी असूच शकत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जुना झालाय मेला. सिस्टरच्या खोलीत नेऊन पुन्हा बघावं लागेल. आई नि आजी दोघींनी चला बरोबर."

"मीही येते," फालेस म्हणाली.

"खोली केवढी आहे ठाऊक आहे ना? तू टेम्पो अडवून धर. ड्रायव्हरला गप्पांत गुंतव, तुला जमेल ते."

बाया खिदळल्या. फालेस नाक मुरडून गेली. ग्रासियानोने मला फांदीवरून उतरवलं आणि आम्ही सगळे आत गेलो. खोलीत दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा होता. त्याने मला तिथे अडकवलं, दार लावून घेतलं आणि सिस्टर न्याम्बालोच्या कानात दोन वाक्यं सांगितली.

सिस्टर ओरडली नाही. तिने आधी अगोगोच्या मुठीतली डबी मागून घेतली आणि लिनेसच्या ओटीत ठेवली. "ही तिची. ही तिच्यापाशीच राहील."

"पण आकडा तर," अगोगो म्हणाली.

"अगोगो, घरात उंदीर झाले तर तुम्ही काय पाळता?"

"मांजर."

"आधी आम्ही तुमच्या अंगातली मांजरं मोजत होतो. मांजरं जास्त, तर चांगलं. म्हणून तुम्ही आठशेला नाचलात, बरोबर केलंत. आता आम्ही मांजरं मोजत नाही. उंदीर मोजतो."

अगोगोचं तोंड उघडं राहिलं.

"अडतीस हजार उंदीर?" अगोगोने विचारलं.

"चमचाभरही नाही, एवढ्याशा रक्तात. आणि दूध त्याच अंगातून येतं."

लिनेसने बाळाला छातीपासून असं झटकन दूर धरलं की पोर दचकून रडलं. "मी तिला आताच पाजलं," ती म्हणाली. "सिस्टर, मी तिला आता, इथे, झाडाखाली पाजलं."

"दूध तोडायचं नाही," सिस्टर ठामपणे म्हणाली. "ऐक माझं. आकडा मोठा आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. गोळ्या पोटात गेल्याच नाहीत तर त्या उंदीर कशा मारतील? रोज ठरल्या वेळी घे. बाळाला मी औषध देते, तेही रोज पाजायचं. काही महिन्यांनी तुझं रक्त पुन्हा बघू. तेव्हाही आकडा मोठा आला, तर गोळ्या बदलू. आज बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन पाठवते."

"आणि हिला?" लिनेसने विचारलं. "हिला झालंय का?"

"ते आज मला सांगता येणार नाही."

अगोगो जमिनीवर बसली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "मी तिला सांगितलं, गोळ्या टाक म्हणून. मीच. आणि माझा आकडा येत नव्हता, तेव्हा मी रुसून बसत होते."

"तुमचा आकडा येत नाही तोच सगळ्यांत चांगला," सिस्टर म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या काट्यावर माशी बसली तर सुई हलते का?"

"नाही."

"म्हणून माशी नाही असं नाही. इतकी थोडी, की काट्याला दिसत नाही. तुमच्या रक्तात विषाणू तेवढेच उरलेत. पण गोळ्या सोडा, मग बघा माश्यांची झुंबड होते की नाही."

बाहेर हॉर्न दोनदा वाजला. मग इंजिन घरघरलं आणि आवाज लांब गेला. लिनेस उठली नाही. टाचेतला थेंब घेतला तेव्हा तामांदा जेवढी रडली, तेवढीच तिची आईही रडली. मी खिळ्यावर होतो आणि माझी सुई शून्यावर थरथरत होती.

त्या दिवशी कोंबडा वाचला. कमरेचं पिवळं कापड लिनेसने सोडून आईला परत दिलं.

ती माहेरीच राहिली. फालेसला सांगितलं, बाळाचं वजन भरेपर्यंत. अगोगोने डबीत कापूस कोंबला, म्हणजे ती खुळखुळणार नाही, आणि शेजारच्या मशिदीची संध्याकाळची बांग झाली की मायलेकी समोरासमोर बसून गोळी गिळू लागल्या. लिनेसने तोंड उघडून दाखवल्याशिवाय अगोगो पाण्याचा पेला खाली ठेवत नसे.

माझं काय झालं? गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या वजनाच्या दिवशी मला पुन्हा फांदीला टांगलं, तर बाया कुजबुजायला लागल्या. "हाच तो खोटारडा काटा." "माझ्या पोराला नका अडकवू त्याला." ग्रासियानो काय सांगणार? काटा खरा आहे म्हणाला असता, तर कुणीतरी विचारलंच असतं, मग त्या दिवशी तिला आत का नेलंत? तो खाली मान घालून गप्प राहिला. काही दिवसांनी चकचकीत नवा काटा आला, आणि मी सिस्टरच्या दारामागे त्याच खिळ्यावर गेलो. माझ्यावर कुणी एप्रन लटकवायचं, कुणी छत्री. कोळ्याने माझ्या कडीत जाळं विणलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. फार वाईट वाटलं.

पण त्या खिळ्यामुळेच मला पुढचं ऐकायला मिळालं. एकदा दार लावून सिस्टरने लिनेसला सांगितलं, "बाळाला लागण नाही. दूध सुटल्यावर पुन्हा एकदा बघू, पण आज तरी नाही." लिनेस भिंतीला टेकली आणि तिने बाळाला घट्ट उराशी धरलं.

आणि मग पुष्कळ दिवसांनी, मायलेकी पुन्हा त्याच खोलीत आल्या. तामांदा आता उभी राहत होती. सिस्टरच्या हातात लिनेसचं उत्तर होतं.

"आकडा किती?" अगोगोने विचारलं.

"आकडा नाही, अगोगो."

अगोगोने पुन्हा विचारलं. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही. तुमच्यासारखाच."

अगोगोने पिशवीतून पिवळं कापड काढलं, निळ्या पक्ष्यांचं, आणि लेकीच्या कमरेला गच्च बांधलं. मग त्या एवढ्याशा खोलीत ती जो जल्लोष करायला लागली, की बाहेरच्या रांगेतल्या बायांनी न विचारताच साथ धरली. ग्रासियानो धावत आत आला.

अगोगोने वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरचं एप्रन काढलं, जाळं पुसलं. "हिला ह्याच्यावर लटकवा," ती म्हणाली. "बाहेरच्या नव्यावर नंतर."

ग्रासियानोने मला शून्यावर आणलं. तामांदाला चड्डीत घातलं. आता तिचे पाय खाली लोंबत होते आणि ती रडत नव्हती, माझ्या काचेवर चापट्या मारत होती. माझी सुई सरसर चढली आणि एका जागी थांबली. मग तिला बाहेर नेऊन नव्या काट्यावर मोजलं. ग्रासियानो परत आला, खोलीत कुणी नव्हतं, आणि तो माझ्याशी हळूच बोलला. "तेवढंच. बरोबर तेवढंच. तू कधी खोटं बोललाच नाहीस, बुवा."

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंना जपा, एवढं तर सगळेच सांगतात. मी थोडं वेगळं मागतो. कुणी तुम्हाला आकडा सांगितला, तर आधी विचारा, मोजलं काय आहे, आणि तो वर गेलेला बरा की खाली आलेला. मग खुशाल कोंबडा कापा. आणि कधी एखाद्या दारामागे, एप्रनाखाली, खिळ्याला लटकलेला जुना काटा दिसला, तर लोक त्याला खोटारडा म्हणतात म्हणून तुम्हीही म्हणू नका. त्याला एक बाळ लटकवून पाहा.